किती तास जागे आहात?

तीन वर्षांपूर्वी माझ्या हातून एका पुस्तकातला अख्खा परिच्छेद सुटला. एखादी वेलांटी किंवा मात्रा सुटली असती तर मी ते फार मनावर घेतलं नसतं. तीस वर्षं मुद्रितशोधन करणाऱ्याच्या खात्यावर तेवढी उधारी असतेच. पण इथे सलग नऊ ओळी होत्या आणि त्यांत सहा चुका होत्या. 'पुरंदर'चं 'पुदंरर' झालेलं, म्हणजे शाळकरी पोरालाही दिसावं असं. आधीच्या आणि नंतरच्या पानावर माझ्या लाल खुणा जिथल्या तिथे होत्या. मधल्या नऊ ओळींवरून डोळे गेले होते, समासात पेन टेकल्याचा शाईचा ठिपकाही होता. फक्त वाचणारा तिथे नव्हता.

छापखान्याचे मालक सज्जन गृहस्थ. "वय होतंय, दुपारचं काम कमी करा," एवढंच म्हणाले. घरी बायको म्हणाली, "रात्रभर घोरायचं आणि दिवसा पेंगायचं, मग दुसरं काय होणार?" दोघांचंही मला पटलं नाही. मी जुनी प्रूफं काढून बसलो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ते संपल्याची वेळ टाकायची माझी जुनी सवय आहे, ती कामी आली. सुटलेल्या चुका दिवसभर विखुरलेल्या असतील असं मला वाटलं होतं, कारण दमलेला माणूस सगळीकडेच थोडं थोडं वाईट काम करतो असा माझा समज होता. निघाल्या त्या पुंजक्यांनी. तीन पानं निर्मळ, मग पाच-सात ओळींचं खिंडार, पुन्हा दोन पानं निर्मळ. आणि बहुतेक खिंडारं दुपारी अडीच ते चारमधली.

पेंगुळलेला मेंदू नेमका असाच चालतो, हे मला नंतर कळलं. निद्राविज्ञानात सतर्कता मोजायची एक अगदी साधी चाचणी आहे. दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं आणि मध्येच उमटणारी खूण दिसली की बटण दाबायचं. ताजातवाना माणूस पाव सेकंदाच्या आसपास दाबतो. झोप अपुरी असलेल्या माणसाचेही बरेचसे प्रतिसाद वेळेवर येतात, पण मध्येच एखादा अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे जातो, एखादा काही सेकंद येतच नाही. सरासरी काढली तर फारसं बिघडलेलं दिसत नाही. खिंडारं मोजली तर दिसतं.

असं का होतं, याचं एक उत्तर २०११ साली उंदरांच्या मेंदूतून मिळालं. उंदीर बराच वेळ जागे ठेवले होते. डोळे उघडे, हालचाल चालू, मेंदूचा एकूण आलेखही जागेपणाचा. पण मेंदूच्या बाह्यकातले, म्हणजे बाहेरच्या थरातले, पेशींचे लहान लहान गट मध्येच काही क्षण गप्प होत होते, गाढ झोपेत होतात तसे. उंदराला पंजाने साखरेची गोळी उचलायची होती, आणि तो पंजा हलवणाऱ्या भागातल्या पेशी नेमक्या आधीच्या क्षणी गप्प झाल्या की गोळी हुकायची. पुढे २०१७ मध्ये माणसांत याच्या जवळ जाणारी गोष्ट दिसली. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांना रात्रभर जागवून चित्रं ओळखायला दिली. उत्तराला उशीर झाला त्या वेळी मेंदूतल्या पेशींचा प्रतिसादच उशिरा आणि विझल्यासारखा आलेला होता. म्हणजे चित्र डोळ्यांत शिरलं होतं, पुढच्या खोलीत पोचायला त्याला वेळ लागला. माझं 'पुदंरर' असंच कुठल्या तरी उंबऱ्यावर ताटकळलं असणार.

या सगळ्यामागे दिवसभर साठत जाणारं एक रसायन आहे, अडेनोसिन. जितका वेळ जागे, तितकं ते मेंदूत वाढतं आणि झोपेत उतरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन अडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. अडेनोसिन कमी करत नाही. अमृततुल्यातला चारचा कटिंग ही वसुलीची तारीख पुढे ढकलणं आहे, कर्ज तसंच राहतं. शिवाय त्यातलं निम्मं कॅफिन रात्री नऊलाही अंगात असतं, ते वेगळंच.

इथे वामकुक्षीबद्दल एक खुलासा करतो, नाहीतर पुण्याबाहेरचे वाचक हसतील. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्यावर झालेल्या विनोदांना आता मिश्या फुटल्या आहेत. पण दुपारी जेवणानंतर सुस्ती येते ती फक्त पोटामुळे नाही. शरीराच्या घड्याळातच त्या वेळी एक उतार असतो आणि जेवण न करताही तो जाणवतो. आयुर्वेदानेही निरोगी माणसाला दिवसाची झोप फक्त ग्रीष्मात मोकळेपणाने दिली आहे, म्हणजे तिथेही विचार झालेला होता. वीस मिनिटं आडवं होऊन ताजं होणारा माणूस आजारी नाही. रात्री आठ तास अंथरुणात काढूनही जो बैठकीत, बसमध्ये, सिग्नलला पेंगतो, त्याच्याबद्दल मी बोलतो आहे. आणि तो आपल्याला आळशी वाटतो, हे माझं खरं दुखणं आहे.

भाषाच बघा. झोपाळू, सुस्त, कुंभकर्ण, 'उठा आता, सूर्य डोक्यावर आला'. उलट बाजूला 'चार तासच झोपतो हो, पण काम बघा त्याचं'. पहिल्याला शिवी, दुसऱ्याला सत्कार. नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चोवीस तास उघड्या असतात आणि तिथे रात्री दोनला दिसणारी मुलं एकमेकांना आपण किती कमी झोपलो ते सांगत असतात. दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू गाढ झोपेत करतो. स्मरणकेंद्रात तात्पुरतं ठेवलेलं तो पुन्हा पुन्हा उजळतो आणि बाह्यकात मुरवतो. झोप कापून पाठांतर वाढवणारा मुलगा एका हाताने लिहितो आणि दुसऱ्या हाताने पुसतो. त्यांना हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारेही तसेच पास झालेले असतात.

मी डॉक्टरांकडे गेलो तो बायकोच्या हट्टामुळे. त्यांनी एक प्रश्नावली पुढे ठेवली. मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९९१ मध्ये तयार केलेली, आठ प्रसंगांची: बसून वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, अशा वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४, दहाच्या वर गेलं की काळजीचं. मी प्रामाणिकपणे भरली आणि सात गुण मिळवले. डॉक्टरांनी तोच कागद बायकोकडे सरकवला. तिने मला सोळा दिले. मी रागावलो. डॉक्टर म्हणाले, "काका, यात भांडण नाही. तुमचे सात आणि यांचे सोळा, यातलं अंतर हाच आजार आहे."

मग एक रात्र छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाशी नळी लावून झोपलो. अहवालात आलं की माझा श्वास तासाला ३८ वेळा अडतो किंवा तोकडा पडतो. या आजाराला निद्राश्वसनरोध म्हणतात आणि तीसच्या वर तो तीव्र मानतात. म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला घसा मिटतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू धावत येऊन जागं करतो आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आठ तास झोपलो असं मी म्हणत होतो. शरीर रात्रभर चौकीदारी करत होतं. यावर १९८१ पासून उपाय आहे. नाकावर मास्क लावून हवेच्या हलक्या दाबाने घसा उघडा ठेवणारं यंत्र. मी ते लावतो. दिसायला भयंकर आहे, नातवाने मला वैमानिक ठरवलं आहे. प्रूफातली खिंडारं दोन महिन्यांत बुजली.

माझी कथा इथे संपते आणि सार्वजनिक प्रश्न सुरू होतो, तो त्या सात आणि सोळाच्या अंतरातून. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना सलग चौदा दिवस कोणाला आठ, कोणाला सहा, कोणाला चार तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांची सतर्कता रोज थोडी थोडी उतरत गेली आणि दोन आठवड्यांनी अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली. पण झोप येते का असं विचारलं, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर जवळजवळ बदललंच नाही. कामगिरी उतरणीला आणि स्वतःबद्दलचं मत सपाटीवर. जो मेंदू न्यायाधीश म्हणून बसवायचा, तोच आरोपी. त्यामुळे 'झोप येत असेल तर गाडी बाजूला घ्या' ही महामार्गावरची पाटी मला आता केविलवाणी वाटते. ती ज्याच्यासाठी आहे, त्याला ती लागू पडते हेच त्याला कळत नाही.

गेल्या वर्षी पहाटेच्या विमानासाठी साडेतीनला टॅक्सी मागवली. चालक बीडकडचा, पंचविशीतला. कर्वेनगरहून निघालो. येरवड्याच्या आसपास गाडी हळूच उजवीकडे सरकली आणि परत आली. मी विचारलं, "दादा, कधीपासून गाडीवर आहात?"

"काल दुपारी बारापासून, काका."

"मधे झोपलात?"

"चार्जिंगला लावली तेव्हा पडलो जरा. टेन्शन घेऊ नका, मला झोप येत नाही. सवय झालीय." आणि त्याने काच खाली करून तोंडात बडीशेप टाकली.

त्याचं 'सवय झालीय' आणि माझं सात एकाच वहीतले. सतरा तास सलग जागा असलेला माणूस शंभर मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका ढिला पडतो, असं १९९७ मध्ये दाखवलं गेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. चौकात त्याच्या तोंडाशी यंत्र धरलं असतं तर तो निर्दोष सुटला असता. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ११० मीटर गाडी कोणीच चालवत नाही.

गंमत पुढे आहे. त्याने मला ज्याच्या स्वाधीन केलं, त्या वैमानिकाच्या झोपेची काळजी सरकार घेतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ च्या जानेवारीत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं घातली, आणि २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने लागू केली. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात, देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली, पुण्यातलीही त्यात होती, आणि काही अटी तात्पुरत्या सैल कराव्या लागल्या. प्रवाशांनी नियमाला शिव्या घातल्या. मला त्यात वेगळंच दिसलं: ते वेळापत्रक इतके दिवस कोणाच्या तरी झोपेवर चाललं होतं, आणि ती झोप परत मागताच ते कोसळलं.

जमिनीवर नियम नाहीत असं नाही. २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन होईपर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांच्या आत अर्धा तास विसावा. पण तो कामगारांसाठी होता. ॲपवरचा चालक 'भागीदार' म्हणवला जातो. २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ॲपवाल्यांसाठीही बारा तासांची मर्यादा आणि पुढे दहा तासांची विश्रांती होती. माझ्या त्या चालकाच्या डॅशबोर्डवर दोन मोबाईल होते. एकाचे बारा संपले की दुसऱ्याचे सुरू.

निवासी डॉक्टरांचं तेच. १९९२ च्या केंद्रीय योजनेत दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास लिहिलेले आहेत. तेवढंच काम करणारा निवासी डॉक्टर मला अजून भेटलेला नाही. माझी भाची छत्तीस तासांच्या ड्युटीनंतर घरी आली आणि हातात पोळीचा तुकडा धरून झोपली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत मोजलं गेलं, तेव्हा दीर्घ पाळ्यांमधल्या नव्या डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलेल्या निघाल्या. तरी वरिष्ठ म्हणतात, "आम्हीही असंच केलं." केलंत, मान्य. चुका कोणी मोजल्या होत्या?

शाळांचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे सरकारने मनापासून काही करून पाहिलं. तेव्हाच्या राज्यपालांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळा, बसवाले, नोकरी करणारे आईबाप, सगळे कुरकुरले. त्यांच्या अडचणी खऱ्याच आहेत. पण माझी तक्रार दुसरी आहे. चौथीतलं पोर लवकर झोपतं आणि लवकर उठू शकतं. शरीराचं घड्याळ पुढे सरकतं ते वयात येताना. आठवी-दहावीच्या मुलाला रात्री अकराच्या आधी झोप येत नाही, त्यात मोबाईलचा वाटा आहेच, पण सगळा दोष मोबाईलचा नाही. त्याच मुलाला आपण सातच्या शाळेत, आणि काहींना त्याआधी साडेपाचच्या क्लासला बसवतो. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठची मर्यादा घातली ती याच वयासाठी. आपण योग्य औषध चुकीच्या भावंडाला पाजलं.

या सगळ्यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेतो. त्या बीडच्या मुलाला मी बारा तासांनंतर घरी पाठवीन, पण त्याच्या गाडीचा हप्ता कोण भरेल? तास कमी करून दर तोच ठेवला तर ती सुरक्षितता चालकाच्या खिशातून जाते, आणि मग तो तिसरा मोबाईल घेतो. म्हणून तासांची मर्यादा भाड्याच्या दराबरोबरच बोलली पाहिजे, आणि ती मोजण्याची जबाबदारी, दंडासकट, वेळापत्रक लावणाऱ्यावर हवी. ॲपला माझं घर, माझं कार्ड, माझ्या आवडीची भेळ माहीत असते. चालक किती तास जागा आहे हे तेवढं कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. हिंजवडीहून रात्री दोनला अमेरिकेशी बोलून दुचाकीवर निघणाऱ्या मुलामुलींनाही हेच लागू. पाळी संपली की कंपनीची जबाबदारी फाटकाशी संपते, हे मला मान्य नाही.

प्रश्नाचा एक भाग मात्र आजच्या आज, जवळजवळ फुकट सुटण्यासारखा आहे. वाहन परवान्यासाठी आपण स्वतःच्या प्रकृतीचा फॉर्म भरतो. त्यात फिट येते का विचारतात, चक्कर विचारतात, पंचवीस मीटरवरची पाटी वाचता येते का विचारतात, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, सगळं. घोरता का, दिवसा नकळत डोळा लागतो का, हे विचारत नाहीत. ब्रिटनमध्ये निद्राश्वसनरोधामुळे दिवसा पेंग येत असेल तर परवाना खात्याला कळवणं बंधनकारक आहे. युरोपीय संघानेही हा आजार परवान्याच्या आरोग्यनियमांत आणला आहे. आपल्याकडे मधुमेहाची आणि रक्तदाबाची शिबिरं एसटीच्या आगारांत भरतात. त्याच टेबलावर मानेचा घेर मोजायची (जाड मानेत घसा मिटण्याचा धोका जास्त) एक टेप आणि आठ प्रश्नांचा एक कागद ठेवायला कसलाही निधी लागत नाही. लोक खोटं लिहितील? लिहितील. मीही सात लिहिले होते. म्हणून कागदावर घरातल्या माणसाची सही हवी, कारण घोरणं ऐकणारा नेहमी दुसरा असतो. जोखीम दिसली तर तपासणी, आणि तपासणीत आजार निघाला तर नोकरी न जाता उपचार. नोकरी जाणार असेल तर बायकोसुद्धा सात लिहील.

त्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवायची आहे. परिवहन खात्याने ती छापायला घेतली तर प्रूफ मी फुकट तपासून देईन. सकाळी दहाच्या सुमारास पाठवा.